रामलिंगची वनौषधी फेरी: त्या घसाऱ्याबद्दल कुणी बोलत नाही

‘सहकुटुंब वनौषधी फेरी, एकदम सोपी वाट’ असं सांगून आम्हाला सोलापूरहून धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीला, रामलिंगच्या देवळाभोवतीच्या अभयारण्यात नेलं. वाट सोपी आहे, ओढ्यात उतरणारा एक घसारा, म्हणजे पाय न ठरणारा उतार, सोडला तर. आणि तो सोडता येत नाही.

दिवाळीनंतर या घसाऱ्याच्या दोन्ही अंगांना खाजकुइली माजलेली असते. वाळलेल्या शेंगांवरची तपकिरी लव लांबून मखमलीसारखी दिसते. पाय घसरला की हात आपोआप वेलीकडे जातो, तिथेच खेळ संपला. हात लावायचीही गरज नाही, वाऱ्यानेही लव उडते. मान, मनगटं, मोज्यांच्या वरचा भाग, सगळी आग. चोळू नका, लव आणखी आत जाते. चिकटपट्टी दाबून ओढा, मग साबणाने धुवा. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि चिकटपट्टीचा रोल नसेल तर या दिवसांत जाऊच नका. याच वेलीचं बी दुधात शिजवून, सोलून वैद्य कंपवातावर (पार्किन्सनवर) वापरतात, त्यात त्याच आजारावरचं एल-डोपा हे द्रव्य असतं. ही माहिती आयोजकांनी नेमकी आम्ही खाजवत असताना दिली.

आयोजकांपेक्षा वाटेत भेटलेल्या शेळ्यांमागच्या मावशींना जास्त कळत होतं. खरचटलं की दगडीपाल्याचा रस, खोकल्याला अडुळसा, बाळाच्या पोटात मुरडा आला की सहाणेवर उगाळलेली मुरुडशेंग, बाळंतिणीच्या दुधाला शतावरी. कळलावीचा कंद अडलेल्या बाईच्या तळपायाला लावायचे, हेही त्यांनीच सांगितलं. वर दटावलं, “लावायची हाय, खायची न्हाय!” खरंच आहे, त्या कंदात कोल्चिसीन हे विषारी द्रव्य असतं आणि पोटात गेलं तर माणूस दगावतो. बाळंतपणाला आता दवाखानाच बरा. आम्हाला दिसली ती कळलावीची वाळकी काडी. तिची लाल-पिवळी फुलं बघायची असतील तर श्रावण-भाद्रपदात जा. तेव्हा खाजकुइलीही हिरवी असते, छळत नाही. श्रावणी सोमवार मात्र टाळा, देवळात पाय ठेवायला जागा नसते.

फाट्यावरच्या टपरीवर पांढरी मुसळी म्हणून पाव किलोला बाराशे सांगितले. मुळी मोडून बघितली तर मधून चिवट दोरा निघाला. म्हणजे शतावरी! मुसळीत असा दोरा नसतो. मोडू देत नसेल तर घेऊ नका. गुळवेलीच्या कांड्या दोनशेला जुडी, हा तर दिवसाढवळ्या दरोडा. सोलापुरात निम्म्या कडुनिंबांवर गुळवेल चढलेली आहे. कागदासारखी सुटणारी साल, खाली हिरवा रंग, आडवा काप घेतला तर चाकासारखे आरे, ही तिची खूण. खोड गाठीगाठींचं, खडबडीत असेल तर ती वेगळी वेल, घरी आणू नका. खऱ्या गुळवेलीचा काढाही महिनोन्महिने ढोसू नका, यकृताला त्रास झालेले रुग्ण डॉक्टरांनी नोंदवलेत.

अभयारण्यातून पानसुद्धा तोडायचं नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. फोटो काढा आणि चाला.

सोलापूर ते येडशी ८०-९० किलोमीटर, धुळे महामार्गाने, रस्ता झकास. देवळापाशी माकडं पिशव्या हिसकावतात, खाऊ गाडीतच ठेवा. परतताना तुळजापूरला थांबणार असाल तर मंगळवार-शुक्रवार नको, दर्शनाच्या रांगेतच रात्र होईल.