सकाळी उरलेला ढग

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की माझं एक वेड सुरू होतं. रात्री जेवणं झाली की गच्चीवर खाट टाकायची आणि मोबाईलवर इन्सॅट उपग्रहाचा ढगांचा फोटो उघडून अरबी समुद्र बघत पडायचं. तेही जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्यातून, जिथून सुरतचा समुद्रच सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. बायको म्हणते एवढं लक्ष पोरांच्या अभ्यासात घातलं असतं तर. खरंय तिचं.

सुरुवातीला लक्षद्वीपजवळ ढगांचा पांढरा गठ्ठा दिसला की झालं, आलं वादळ, टाका ग्रुपवर. आणि सकाळी बघावं तर गठ्ठा गायब, नुसत्या चिंध्या. दोन-तीनदा असं तोंडावर पडल्यावर कळलं की मे महिन्यात समुद्रावर गडगडाटी ढग उठतच असतात, रात्रीतून फुगतात, माथा उंच जाऊन गार पडतो म्हणून इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या फोटोत, पांढरेशुभ्र दिसतात आणि मग आपल्याच पावसाच्या गार हवेने आपलीच चूल विझवून बसतात. तेव्हापासून रात्रीचा फोटो बघतो पण विश्वास सकाळच्या फोटोवर. गठ्ठा सकाळी जागेवर, दुसऱ्या रात्री परत तिथेच, आणि कडेच्या ढगांच्या रांगा घड्याळाच्या उलट्या दिशेने वळायला लागल्या, की मग मी खाटेवर उठून बसतो.

समुद्र किती तापलाय हे सगळे विचारतात. साधारण २६.५ अंश लागतात, आणि मेमध्ये अरबी समुद्र त्याच्या वरच असतो, तो प्रश्नच नाही. खरी आडकाठी वरच्या वाऱ्याची. खालचा वारा एकीकडे आणि दहा-बारा किलोमीटर वरचा जोरात दुसरीकडे, मग ढगाचं डोकं वाहून जातं आणि धड मागे राहतं. वाऱ्याचे नकाशे दाखवणाऱ्या विंडी ॲपवर दोन्ही उंच्या आलटून-पालटून बघा, लगेच दिसतं. मान्सून जोरात असतो तेव्हा हेच होतं, म्हणून भर पावसाळ्यात तिकडे चक्रीवादळ जवळपास नाहीच (२०२४ च्या ऑगस्टातलं असना सोडा).

आणि नावाची घाई तर विचारूच नका. मे २०२५ मध्ये कोकणाजवळ कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं आणि व्हॉट्सॲपवर ‘शक्ती’ येऊन धडकलंसुद्धा. अरे, वारा ताशी ६२ किलोमीटरला पोचल्याशिवाय नावच मिळत नाही. ते डिप्रेशनच, म्हणजे चक्रीवादळाच्या खालच्या पायरीवरच, राहिलं आणि २४ मेला रत्नागिरी-दापोलीच्या मधून जमिनीवर चढलं. शक्ती हे नाव लागलं थेट ऑक्टोबरातल्या वादळाला. उलट २०२० चं निसर्ग बघा, १ जूनला डिप्रेशन, २ ला चक्रीवादळ, ३ ला दुपारी अलिबागजवळ किनाऱ्यावर. तिथे सकाळच्या फोटोची वाट बघणाऱ्याची फजितीच.

आता खरी गंमत सांगतो, गंमत म्हणजे काय, रडूच आलं होतं. मागे एकदा असाच मे, शेजारचे नाना माझ्या केळीच्या बांधावर येऊन म्हणाले, “काय म्हनी ऱ्हायना तुना मोबाईल?” मी ऐटीत सांगितलं, नाना, समुद्र साफ आहे, आठवडाभर काही नाही. त्याच दिवशी साडेचारला सातपुड्याकडून काळंनिळं उठलं. उन्हाने पोळलेली जमीन, थोडी ओल, एवढ्यावर तासाभरात ढग उभा राहतो, त्याचा पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाटेतच आटतो, हवा गार आणि जड होते आणि धप्पकन खाली पडून चौफेर पसरते. आधी धूळ, मग पत्र्यांचा आवाज, मग ईज. वीस मिनिटं. केळीचं खोड म्हणजे काय लाकूड थोडंच, पानांच्या देठांची गुंडाळी ती, वर घडाचं ओझं. बांबूच्या टेकूसकट ओळीच्या ओळी आडव्या. कापणीला आठ-दहा दिवस राहिले होते. व्यापाऱ्याने भाव सांगितला तो इथे लिहवत नाही.

दुसऱ्या दिवशी नाना बागेत आले, पडलेला एक घड पायाने जरा सरळ केला आणि एवढंच म्हणाले, “समुद्र साफ व्हता ना भो?”

विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप तेव्हापासून टाकलंय. चारनंतर तोंड सातपुड्याकडे, समुद्र रात्री.

काल रात्री लक्षद्वीपच्या पश्चिमेला परत एक गठ्ठा होता, चांगला मोठा. सकाळी सहाला बघितलं, निम्मा उरलाय. ग्रुपवर अजून टाकला नाही.