आमटीतली गोळी

"बाळा, आमटीतनं दिली तर चव लागंल का रं?"

मावशींनी हे विचारलं तेव्हा आम्ही दोघं व्यसनमुक्ती सेंटरच्या फाटकाशी उभे होतो. रविवार होता, नातेवाइकांच्या भेटीचा दिवस. आत शेअरिंगचा हॉल माणसांनी भरलेला. मावशींच्या हातात वर्तमानपत्राच्या कपट्यात गुंडाळलेली गोळ्यांची एक पट्टी होती, दहातल्या दोन जागा रिकाम्या. शेजारचा एकजण पूर्वी आमच्याकडेच उपचाराला होता, त्याच्या उरलेल्या गोळ्या त्याच्या बायकोने मावशींना दिल्या होत्या. पट्टी बघताक्षणी मी ओळखली. डायसल्फिराम, दारू सुटावी म्हणून देतात ती गोळी.

मी म्हणालो, "चव लागत नाही मावशी."

एवढंच बोललो. "द्या" म्हणालो नाही, "किती द्या" हेही सांगितलं नाही. पुढे कित्येक रात्री मी स्वतःशी हेच घोकत होतो की मी फक्त एका प्रश्नाचं खरं उत्तर दिलं. पण त्या पट्टीसाठी मी हात पुढे केला नाही. डॉक्टरांची खोली फाटकापासून वीस पावलांवर होती, तिथवर मावशींना घेऊन गेलो नाही. त्यांनी कपटा पुन्हा गुंडाळून पिशवीत ठेवला आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा खरंच बरं वाटलं होतं.

मी पीअर कौन्सिलर आहे. पदवी मानसशास्त्राची नाही. माझी मुख्य पात्रता म्हणजे मी बारा वर्षं दारू प्यायलो आणि आता अकरा वर्षं पीत नाही. सेंटरने प्रशिक्षण दिलं आणि गेली सहा वर्षं मी पगारावर हे काम करतो. नव्याने दाखल झालेला माणूस डॉक्टरांशी खोटं बोलतो, बायकोशी खोटं बोलतो, पण माझ्याशी खोटं बोलताना त्याला अडचण येते. सकाळी डोळे उघडायच्या आधी हात उशीखाली कसा जातो, पाण्याच्या बाटलीत काय भरून ठेवलेलं असतं, हे मला विचारावं लागत नाही. ए.ए.ची, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेची, सुरुवातच अशी झाली होती. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी एक मद्यपी दुसऱ्या मद्यपीशी बोलत बसला, तिथून. एका पिणाऱ्याचं दुसऱ्याला कळतं, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. माझा जीव त्यावरच वाचला.

मावशींचा मुलगा वेल्डर. वय चौतीस. आमच्याकडे महिनाभर राहून गेला, पहिल्या तीन दिवसांत टर्की, म्हणजे दारू तुटल्यावरचा त्रास, जबरदस्त निघाली, हात इतके थरथरायचे की चहाचा कप मी धरायचो. घरी गेल्यावर चाळीस दिवस कोरडा राहिला, मग स्लिप झाली, म्हणजे परत प्यायला. तोपर्यंत तो गुरुवारच्या ए.ए. मीटिंगला यायला लागला होता. त्याच मीटिंगला मीही जातो, कर्मचारी म्हणून नाही, सभासद म्हणून. तिथे तो मला "मित्रा" म्हणायचा. सोमवारी सेंटरवर फॉलोअपला आला की "सर". एकाच माणसाला आठवड्यात दोन हाका मारायच्या, आणि त्याने कुठल्या हाकेला काय सांगितलं हे मी डोक्यात वेगळं ठेवायचं. मला वाटायचं, जमतंय.

मावशींना माझा स्वतःचा नंबर मीच दिला होता. सेंटरचा नियम होता की फोन कार्यालयाच्या मोबाइलवरच घ्यायचे. पण मावशी म्हणाल्या, "रात्रीचा त्यो असा पडलेला आसतो, कुणाला इचारू?" आणि मी म्हणालो, "कधीही लावा, मी आहे."

या गोळीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण घरोघरी तिच्याविषयी अर्धवट माहिती असते. दारू शरीरात गेली की यकृतात तिचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, मग त्याचंही विघटन होतं. डायसल्फिराम हे दुसरं काम बंद पाडते. ॲसिटाल्डिहाइड रक्तात साठतं. दारू पोटात गेल्यावर दहा मिनिटांपासून अर्ध्या तासात तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, डोकं ठणकतं, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. हृदय आधीच अधू असेल तर जिवावर बेतू शकतं. गोळी बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. खोकल्याच्या एखाद्या औषधात अल्कोहोल असलं तरी त्रास होतो.

ती वाईट गोळी नाही. शेकडो घरं मी तिच्या आधाराने सावरलेली पाहिली आहेत. आमच्याकडे डॉक्टर आधी ईसीजी आणि यकृताच्या तपासण्या बघतात, दारू बंद होऊन निदान बारा तास झालेत याची खात्री करतात, माणसाला सगळं समजावतात, त्याची सही घेतात. मग बहुतेकदा घरातलं कुणीतरी रोज सकाळी ती हातावर ठेवतं. एका रिक्षावाल्याची बायको मला सांगत होती, तिचा नवरा आंघोळ करून येतो, तिच्यापुढे हात पसरतो आणि म्हणतो, "दे आजची." ती म्हणाली, लग्नात त्याने हातात हात दिला त्यापेक्षा मला याचं मोल जास्त आहे. हात तोच, गोळी तीच. पण तो मागतो आणि ती देते. भिंतींवर आणि विजेच्या खांबांवर "नकळत दारू सोडवा" म्हणून जाहिराती चिकटवलेल्या असतात. त्या वाचल्या की माझा संताप होतो, आजही. माणसाला नकळत त्याच्या अन्नात औषध घालणं याला उपचार म्हणता येत नाही, मग घालणारी त्याची आई का असेना.

आणि हे सगळं मला त्या रविवारीही माहीत होतं.

नऊ दिवसांनी, मंगळवारी रात्री सव्वादहाला फोन आला. मावशी रिक्षातून बोलत होत्या. कामाचे पैसे मिळाले होते, तो दोस्तांबरोबर बसला होता, अर्धी क्वार्टरही संपली नसताना टेबलावरच कोसळला. दोस्तांनी उचलून घरी आणून टाकला. मावशींनी १०८ला फोन केला नाही. मला केला. मी कधीही लावा म्हणालो होतो ना.

मी सांगितलं, सरळ दवाखान्यात न्या, मी निघालो. मोटारसायकलवर वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत मी काय झालंय याचा अंदाज बांधत नव्हतो. मला माहीतच होतं.

तो खाटेवर होता. चेहरा, मान, छाती तांब्याच्या भांड्यासारखी लाल. डोळ्यांत रक्त उतरलेलं. पांढऱ्या चादरीवर उलटी. ड्यूटीवर तरुण डॉक्टर बाई होत्या, भराभर प्रश्न विचारत होत्या. छातीत दुखतं का, काही विषारी घेतलंय का, शेतीचं औषध वगैरे, घरात भांडण झालं होतं का. रक्तदाब खाली खाली येत होता. मावशी भिंतीला पाठ लावून उभ्या, पदराचं टोक तोंडात. "काय न्हाई घेतलं. रोजच्यावाणी पेलाय." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर काय मागत होती ते मला लख्ख कळलं.

मी डॉक्टरांना म्हणालो, "डायसल्फिराम. आठ-नऊ दिवसांपासून. त्याला माहीत नाही."

बाईंचा चेहरा क्षणात बदलला. घाबरलेला होता तो कामाला लागला. "किती मिलिग्रॅम? शेवटची कधी?" मावशींना आता बोलणं भाग होतं. रोज अर्धी. पोळपाटावर लाटण्याने भुकटी करायची. आज सकाळी पोह्यांतून. सलाइन, ऑक्सिजन, पाय उंच, छातीवर ईसीजीच्या वायरी. "हे आधी कळलं म्हणून बरं झालं," एवढंच बाई मला म्हणाल्या आणि पुन्हा मॉनिटरकडे वळल्या. ते वाक्य मला सहन होईना.

बाहेरच्या बाकड्यावर मावशींनी माझे दोन्ही हात धरले. "त्याला न्हाई सांगायचं. माज्या हातचं खानार न्हाई त्यो परत." मी काहीच बोललो नाही. मला वाटत होतं, सांगायचं की नाही हे माझ्या हातात आहे. नव्हतंच. पहाटे तीनच्या सुमारास रक्तदाब जागेवर आला आणि बाईंनी त्यालाच सगळं सांगितलं, शांतपणे, लपवाछपवी न करता. त्यांना सांगावंच लागणार होतं. पुढचे दोन आठवडे दारूचा थेंबही जीव घेऊ शकतो, हे ज्याच्या शरीराबद्दल आहे त्याला कळायला नको? कपाशीच्या बोंडासारखे पांढरे ओठ करून तो ऐकत होता. मग त्याने माझ्याकडे मान वळवली.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"त्या रविवारपासून."

तो बराच वेळ छताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मग गुरुवारी मीटिंगमधी माझ्या शेजारी बसला होतास तवा कोण होतास? मित्र का सर?"

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हाही नव्हतं.

सकाळी मी कपडे न बदलता सेंटरवर गेलो आणि सगळं लिहून ताईंपुढे ठेवलं. ताई आमच्या मुख्य समुपदेशक. त्यांनी दोनदा वाचलं. त्यांनी फाइल काढून डॉक्टरांचं पान मला दाखवलं, जे पान माझ्या कामाचं नाही म्हणून मी कधी पाहिलं नव्हतं. ईसीजीत दोष होता. डायसल्फिराम द्यायची नाही असं स्पष्ट लिहिलेलं, खाली रेघ मारलेली. डॉक्टरांनी विचार करून जी गोळी नाकारली होती, तिला मी फाटकावर उभं राहून, दोन शब्दांत, वाट मोकळी करून दिली होती. ए.ए.मध्ये मी पहिल्या वर्षापासून ऐकत आलोय की सभासदाने औषधांच्या बाबतीत डॉक्टर बनायचं नाही. दारू सुटली म्हणजे दारूच्या आजाराचं सगळं आपल्याला कळलं, असा भ्रम आमच्यातल्या पुष्कळांना होतो. मला झाला होता.

ताई ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी विचारलं, "मावशी विचारत होत्या तेव्हा तू कुणाशी बोलत होतास?"

मी म्हणालो, मावशींशी. त्या गप्प राहिल्या. आणि मग मला रडू फुटलं.

माझी आई सहा वर्षं माझ्या चहात अंगारा घालत होती. कपाच्या तळाशी राखाडी गाळ राहायचा. मला कळायचं, मी तो पिऊन कप आपटायचो आणि बाहेर पडायचो. मी दारू सोडली त्याच्या आदल्या वर्षी ती गेली. मावशींनी आमटीचं विचारलं तेव्हा मला समोर मावशी दिसतच नव्हत्या. या बाईला नाही म्हणायचं नाही, एवढंच आतून कुणीतरी म्हणत होतं. आणि त्यात तो वेल्डर, ज्याचं शरीर, ज्याची संमती, ज्याचा निर्णय, तो कुठे नव्हताच. माझ्या कामातली सगळ्यात मोठी जोखीम ही आहे आणि प्रशिक्षणात ती मी वहीत लिहून घेतली होती. आपली गोष्ट समोरच्याला आधार म्हणून द्यायची असते. ती त्याच्या गोष्टीच्या जागी जाऊन बसते ते कळतही नाही.

२०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूच्या व्यसनातून येणाऱ्या मानसिक अवस्थाही धरल्या आहेत. म्हणजे समोरच्याला माहिती घेऊन संमती देण्याचा हक्क आहे, आणि त्याचं गुपित राखलं जाण्याचाही, जिवाला धोका असेल तेवढा अपवाद सोडून. दवाखान्यात मी बोललो ते या अपवादात बसलं. त्याआधी नऊ दिवस मी गप्प होतो, ते कशातच बसत नाही. मी गुपित कुणाचं राखत होतो? मावशी माझ्याकडे उपचाराला नव्हत्या. तो होता.

ताईंनी त्याची केस दुसऱ्या समुपदेशकाकडे दिली. तीन महिने मला कुटुंबीयांच्या भेटींपासून दूर ठेवलं आणि दर आठवड्याला त्यांच्यापुढे बसून माझ्या प्रत्येक केसबद्दल बोलायचं ठरलं. माझा स्वतःचा नंबर आता कुणाकडे नाही. रात्री कुणाला गरज लागली तर काय करायचं ते डिस्चार्जच्या कागदावर छापलंय, १०८ आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. माझ्यासारखेच दारू सोडलेले काही सहकारी म्हणतात, हे फार सरकारी झालं, आपण आपल्या माणसांना नंबर देणार नाही तर कोण देणार? मला त्यांचं दुखणं कळतं. पण त्या रात्री मावशींच्या हातात माझा नंबर नसता तर त्यांनी १०८ लावला असता, आणि रुग्णवाहिका माझ्या मोटारसायकलच्या आधी ऑक्सिजन घेऊन पोचली असती.

गुरुवारची मीटिंग मी बदलली. ती त्याला आधाराची जागा होती आणि तिथे मी बसलेलो असेन तर तो येणार कसा? आता मी शनिवारी दुसऱ्या गावच्या ग्रुपला जातो. तो गुरुवारी जातो की नाही हे मी कुणाला विचारलेलं नाही, आणि सांगायला आलेल्या एकाला मी मध्येच थांबवलं.

मावशी पावसाळ्यानंतर एकदा आल्या, त्याच्या फॉलोअपच्या दिवशी नाही, एकट्याच. फाटकाशीच थांबल्या. मी म्हणालो, "ताई आत आहेत मावशी, चला, मी तिथवर येतो." वीस पावलं आम्ही बरोबर चाललो. दाराशी त्या थांबल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता सैपाक त्योच करतो. माझं ताट बी वाढतो. मी चुलीपाशी गेले की भायेर येऊन उभा ऱ्हातो, बघत."

मी दार ढकललं, त्या आत गेल्या. मी बाहेरून दार लावून घेतलं.