टाटामोबाइल 206 : नाचणाऱ्या काट्याचा माग

मागच्या नोंदीत माझ्या टाटामोबाइल पिकअपच्या स्पीडोमीटरची नवी केबल टाकल्याचं लिहिलं होतं. ती पाच आठवडे टिकली. परवा कात्रजचा घाट उतरताना काटा पुन्हा 20 ते 50 मध्ये नाचायला लागला आणि खाली पोचेपर्यंत शून्यावर पडला. पाच आठवड्यांत दुसरी केबल जाते म्हटल्यावर दोष केबलचा नसणार, हे धरूनच रविवारी सकाळी कामाला बसलो.

माझ्या 1994 च्या गाडीत सेन्सर नाही. गिअरबॉक्समधलं पिनियन (छोटं दातेरी चाक) केबलची आतली तार फिरवतं आणि ती तार मीटरमधलं चुंबक. चुंबक फिरलं की भोवतालच्या ॲल्युमिनियमच्या वाटीत प्रवाह उमटतो, काट्याला जोडलेली ती वाटी ओढली जाते, आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. तार अडखळत फिरली की काटा नाचणारच.

आधी पुढच्या चाकांना दगड लावले, मागचं एक चाक जॅकवर घेऊन खाली स्टँड दिला आणि न्यूट्रलमध्ये चाक हाताने फिरवलं. पिनियन व्यवस्थित फिरत होतं. जुन्या तारेच्या चौकोनी टोकाने मीटर फिरवून पाहिलं, तेही मऊ. राहिली केबल. आतली तार ओढली तर निम्म्यात अडकली. जोर लावून काढली तेव्हा ग्रीस जळून काळं पडलेलं आणि आतलं प्लॅस्टिक वितळून तारेला चिकटलेलं दिसलं. सायलेन्सरचा पाइप तर दुसऱ्या बाजूला आहे! मग ही उष्णता आली कुठून?

इथे दोन जुन्या तक्रारी आठवल्या. सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) जड फिरतो, आणि हेडलाइट लावले की डॅशबोर्डचे दिवे मंदावतात. दोन्ही पावसाळ्यात क्लचचं काम झाल्यापासूनच्या. मल्टिमीटरची एक पिन इंजिनच्या बोल्टवर, दुसरी चासीवर (गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर) धरली आणि मुलाला सेल्फ मारायला सांगितलं. 2.3 व्होल्ट! इथे फार तर दोन-तीन दशांश दिसायला हवेत.

गाडीखाली शिरलो. गिअरबॉक्स ते चासी अशी तांब्याची विणलेली अर्थची पट्टी (करंट बॅटरीकडे परत नेणारी) असायची, तिथे नुसतं गंजलेलं भोक. गिअरबॉक्स उतरवताना काढलेली पट्टी परत लागलीच नव्हती. इंजिन बसतं फाउंडेशनच्या रबरांवर, म्हणजे विजेच्या दृष्टीने चासीपासून तुटलेलं. डिझेलच्या सेल्फला शेकडो अँपिअर लागतात. त्या करंटला परतीची वाट मिळाली ती ॲक्सिलरेटरच्या आणि मीटरच्या केबलच्या लोखंडी कवचातून. रात्री अल्टरनेटरचा करंटही त्याच वाटेने. माझ्या दोन्ही केबली अर्थची वायर म्हणून जळत होत्या.

नाना पेठेतून 35 चौरस मिलिमीटरची पट्टी टोकांना लग (बोल्टसाठी भोक असलेली धातूची टोकं) दाबून करून आणली. चासी पॉलिश पेपरने पांढरी होईपर्यंत घासली, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली. आता 0.14 व्होल्ट. सेल्फ पहिल्या फटक्यात उचलतो, दिवे स्थिर.

मगच तिसरी केबल टाकली. ग्रीस फक्त खालच्या दोन तृतीयांश भागाला लावा. वरपर्यंत लावलं तर ते चढून मीटरमध्ये शिरतं. केबलला कुठेही तीव्र बाक देऊ नका. फोनच्या जीपीएसवर 57, मीटरवर 60, काटा अगदी शांत.

ॲक्सिलरेटर मात्र मध्यावर किंचित अडकतो. तीच केबल पुढच्या रविवारी बाहेर काढणार आहे.