बाल्कनीतली बावीस घमेली

आमच्या बाल्कनीत बावीस घमेली, नऊ फावडी, सहा टिकाव, दोन पहारी आणि दोराची दोन भेंडोळी आहेत. कपडे वाळत घालायचे तर आधी पहार सरकवावी लागते. आमच्या दुर्गसंवर्धनाच्या गटाला स्वतःची खोली नाही. सहा वर्षांपूर्वी "दोन महिने ठेव तुझ्याकडे" म्हणून सामान आलं ते आलंच, आणि त्याच्याबरोबर ते सांभाळायचं पदही.

किल्ल्यांवरच्या पाण्याच्या टाक्यांचा गाळ काढायचा हंगाम आणि माझ्या नोकरीचा हंगाम नेमका एक. फेब्रुवारीनंतर टाक्यातलं पाणी उतरतं, गाळ उघडा पडतो, आणि मृगाच्या आत काम उरकावं लागतं. नाहीतर काठावर टाकलेलं सगळं पहिल्या पावसात परत आत. मी हिशेब खात्यात, म्हणजे माझ्याकडे ३१ मार्च. त्यातून पुरातत्त्व खात्याच्या परवानगीचा कागद हातात पडला की एकही रविवार सोडवत नाही.

यंदा आम्ही रोहिड्यावर होतो. भोरजवळ, बाजारवाडीतून चढायचं. उत्तरेकडे टाक्यांची रांग आहे, त्यातलं एक घेतलं होतं. वरच्या थरात पाण्याच्या बाटल्या आणि गुटख्याच्या पुड्या, हातभर खाली गेल्यावर काळा, चिकट, उग्र वासाचा गाळ. घमेलं हातोहात वर जातं. साखळीतला एक माणूस कमी झाला की दोघांची कंबर जाते. २०२५ मध्ये बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हापासून नवी मंडळी उत्साहाने येतात. रोहिडा त्या यादीत नाही, तरी येतात. पहिल्या रविवारी चाळीस होतो, तिसऱ्या रविवारी अकरा. अकरा जणांत "मी निघतो" कसं म्हणायचं?

त्याच आठवड्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दर दोन तासांनी थेंब. बायकोला सांगितलं होतं, सकाळचे तू बघ, चारनंतरचे मी. घरी पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. फ्रिजवर तिने थेंबांच्या वेळांचा कागद लावला होता, शेजारी दोन रकाने, एक तिचा, एक माझा. तिच्यात सात खुणा, माझा कोरा. ती भांडली असती तर बरं झालं असतं. बाबा काळ्या चष्म्यातून म्हणाले, "टाकं किती उतरलं?" मला उत्तर देताना लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला. चार फूट उतरलं होतं.

पुढच्या बैठकीत सांगितलं, महिन्यातून एकच रविवार, मार्चमध्ये तोही नाही, आणि हत्यारं दुसऱ्या कुणीतरी न्यावीत. मला वाटलं होतं, सगळे आग्रह करतील. अध्यक्ष म्हणाले, "बरं," आणि पुढचा विषय घेतला. सहा वर्षं मी उगाच समजत होतो की माझ्यावाचून अडेल.

गेल्या शनिवारी सिंहगड रस्त्यावर राहणारा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातला एक मुलगा टेम्पो घेऊन आला. वही काढून एकेक वस्तू मोजली. मोठा काटेकोर आहे.

"काका, घमेली एकवीसच आहेत."

बाविसाव्यात बायकोने कढीपत्ता लावलाय. चांगला गुडघाभर झालाय. ती दारातून म्हणाली, "ते मिळणार नाही." त्याने वहीत बावीसवर काट मारली.