हवा सगळ्यांची एक, पाणी ज्याचं त्याचं

रॅक बनवायचाय, माशांचे सहा टँक बसवायचेत, सम्प (सगळ्या टँकचं पाणी जिथे एकत्र येऊन गाळलं जातं आणि मोटरनं परत वर चढतं ती खालची टाकी) करू का, असं हल्ली ओळखीतले बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो. माझं मत पक्कं आहे. घरातल्या रॅकला, जिथे प्रत्येक टँकमधे वेगळे मासे आहेत, तिथे कॉमन सम्प नको. एअर पंप एक ठेवा, ड्रेन एक ठेवा, पण पाणी प्रत्येक टँकचं स्वतंत्र राहू द्या.

सम्पचा मोह का होतो ते मला कळतं. एकच मोटर, एकच हीटर, फिल्टर साफ करायचा तो एकाच जागी, आणि सगळं पाणी मिळून साठा मोठा झाला की पॅरामीटर (तापमान, पीएच वगैरे) पटकन हलत नाहीत, हे सगळं खरंच आहे. पण जे पाणी गप्पीच्या टँकमधून खाली येतं तेच पाच मिनिटांत झिंग्यांच्या आणि बेटा माशाच्या टँकमधे चढतं. नवीन आणलेल्या एका माशावर व्हाइट स्पॉट हा पसरणारा रोग असला की तो सहाही टँकमधे गेलाच म्हणून समजा. पाण्याला यूव्ही दिवा लावला तर प्रमाण कमी होतं, पण थांबत नाही. आणि औषध द्यायची वेळ आली की खरी पंचाईत, कारण कॉपरवालं औषध एका टँकपुरतं देताच येत नाही, ते सगळीकडे फिरतं आणि झिंगे, गोगलगायी मरतात. दुकानदार, मोठे ब्रीडर सम्प वापरतात पण त्यांच्याकडे क्वारंटाइनची वेगळी खोली असते, आपल्याकडे टू बीएचकेची बाल्कनी असते.

दुसरं म्हणजे लाईट. मोटर बंद पडली की प्रत्येक टँकमधलं ओव्हरफ्लोच्या, म्हणजे पाणी खाली जायच्या भोकाच्या, वरचं पाणी खाली उतरतं. दोन बाय एक फुटाच्या टँकमधे पातळी एक इंच उतरली तरी साडेचार लिटर होतात, सहा टँकचे सत्तावीस, शिवाय पाइपमधलं वेगळं, आणि रिटर्नच्या, म्हणजे सम्पमधून पाणी वर आणणाऱ्या पाइपच्या, तोंडाशी पाण्याच्या पातळीच्या जरा खाली सायफन तोडणारं भोक नसेल तर पाइपचं तोंड उघडं पडेपर्यंत पाणी उलटं येत राहतं. एवढी रिकामी जागा सम्पमधे कायम राखून ठेवायची, आणि ते भोक शेवाळानं बुजत नाही ना हे बघत बसायचं. पुण्यात गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाईट जाते, पाणीही बऱ्याचदा गुरुवारीच बंद असतं, म्हणजे फरशीवर सांडलं तर पुसून टँक परत भरायलाही पाणी नाही.

आता मी काय करतो ते. रॅकच्या सगळ्यात वर, म्हणजे सगळ्यात वरच्या टँकच्या पाण्यापेक्षाही उंच, एक पिस्टनवाला एअर पंप. पस्तीस-चाळीस वॅटचा असला तरी दहा-बारा स्पंज फिल्टर (हवेच्या जोरावर स्पंजमधून पाणी ओढून गाळणारे) आरामात चालतात आणि इन्व्हर्टरवर तो रात्रभर सहज निघतो, हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा मुद्दा आहे. वर ठेवायचं कारण एवढंच की लाईट गेली तर नळीतून पाणी उलटं पंपात जायला नको, वर जागा नसेल तर प्रत्येक नळीला चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) घालाच.

पंपातून हवा पाऊण इंची पीव्हीसी पाइपात सोडायची आणि तो पाइप रॅकभोवती फिरवून परत स्वतःलाच जोडायचा, म्हणजे पूर्ण रिंग. रिंग केली की पंपाजवळच्या टँकला भसाभस आणि टोकाच्या टँकला टिपटिप असं होत नाही, दोन्ही बाजूंनी हवा येते. एक फूट पाण्याचा दाब फारच कमी असतो त्यामुळे जॉइंट सोल्युशन (पीव्हीसीचा गोंद) न लावता नुसते घट्ट दाबले तरी चालतात, मी तसेच ठेवलेत, उद्या टँक वाढला तर पाइप सोडवता येतो. प्रत्येक नळीसाठी पाइपाला पितळी कॉकच्या (हवा कमी-जास्त करायच्या छोट्या तोटीच्या) आट्यांपेक्षा जरा बारीक भोक पाडायचं आणि कॉक सरळ धरून हळूहळू पिळत आत घालायचा, तो प्लास्टिकमधे स्वतःच आटे पाडत जातो. मग कानाजवळ नेऊन ऐका, सूं आवाज आला तर बाहेर काढून टेफ्लॉन टेपचे दोन वेढे द्या. हवा नेहमी उथळ टँककडे आधी पळते म्हणून सगळ्यात खोल टँकचा कॉक आधी पूर्ण उघडायचा आणि बाकीचे त्याच्या मानाने आवळत यायचं. आणि एक कॉक कशालाच न जोडता थोडा उघडा ठेवायचा, जास्तीची हवा तिथून निघून जाते आणि पंपावर ताण येत नाही.

प्रत्येक टँकमधे दोन स्पंज फिल्टर. दोनच का, तर आज एक पिळला तर दुसऱ्यातले घाण पचवणारे बॅक्टेरिया जागेवर असतात. पिळायचा तोही टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, नळाखाली कधीच नाही कारण क्लोरीननं आतली वस्ती मरते. त्या बादलीतलं पाणी चहासारखं झालं की बास, स्पंज नव्यासारखा पिवळा-निळा दिसायची गरज नाही. नवीन टँक एरवी सायकल व्हायला, म्हणजे माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया वाढायला, चार ते सहा आठवडे घेतो, पण इथे निरोगी टँकमधला एक मुरलेला स्पंज उचलून नव्यात टाकला आणि मासे थोडेच सोडले की अमोनिया वर जात नाही. माझ्या मते हा मल्टी टँकवाल्यांचा सगळ्यात मोठा फायदा आहे आणि लोक तो वापरतच नाहीत!!

स्पंजनं पाणी काचेसारखं चकाचक होत नाही हे मान्य. तरंगणारी बारीक घाण तो फारशी धरत नाही. मला त्याचा त्रास नाही, पिल्लं ओढली जात नाहीत आणि झिंगे दिवसभर त्याच्यावर बसून चरतात, ते बघायला मला फार आवडतं.

प्लंबिंग खरं लागतं ते पाणी बदलायला, कारण सहा टँकचं पाणी पाइप तोंडात धरून बादल्यांनी काढणारा माणूस काही महिन्यांत छंद सोडतो. प्रत्येक टँकच्या मागच्या काचेला वरून दीडेक इंचावर भोक, त्यात टँक नट (काचेतून पाइप बाहेर काढायचं फिटिंग), आतून एल्बो, बाहेरून सगळे दीड इंची कॉमन ड्रेनमधे. वरून नवीन पाणी सोडलं की तेवढंच जुनं आपोआप बाहेर जातं. यात पाणी एका टँकमधून दुसऱ्यात जात नाही, सरळ नहाणी ट्रॅपला. एल्बोचं तोंड खाली करून लावा म्हणजे खालचं पाणी जातं, पण मग एल्बोच्या डोक्यावर एक बारीक भोक पाडा, नाहीतर सायफन धरला की टँक एल्बोच्या तोंडापर्यंत रिकामा होतो. तोंडाला स्पंजचा तुकडा, पिल्लांसाठी.

काच टफन असेल तर भोक पाडता येत नाही, ती फुटून चुरा होते, त्यामुळे टँक बनवायला देतानाच काचवाल्याकडून साध्या काचेला भोक पाडून घ्या. आणि आधी टँक नट विकत घ्या, मग त्याच्या मापाचं भोक सांगा. हार्डवेअरच्या दुकानात अजून एक गोष्ट बघायची, सीपीव्हीसी आणि यूपीव्हीसी दोन्हीवर एक इंच लिहिलेलं असलं तरी बाहेरचा व्यास वेगळा असतो, पांढरा पाइप आणि पिवळट फिटिंग एकमेकांत बसत नाही, ड्रेनला सगळं यूपीव्हीसीच घ्या. उतार मीटरला निदान एक सेंटीमीटर, आणि ड्रेनच्या वरच्या टोकाला टी लावून ती उघडी सोडा, हवा आत गेली नाही तर गडगड आवाज येतो आणि पाणी तुंबत तुंबत जातं.

नवीन पाण्यासाठी दोनशे लिटरचं निळं पिंप, त्यात रिंगवरूनच एक एअर स्टोन. कॉर्पोरेशनचं पाणी चोवीस तास हवेवर ठेवलं की क्लोरीन उडतं, घाई असेल तर हायपो, म्हणजे क्लोरीन मारणारं औषध. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर सुरू झाला की मात्र पिंपातलं पाणी टीडीएस पेननं (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) बघितल्याशिवाय सोडू नका, बोअरचं पाणी जड असतं, त्या दिवशी बदलायचं प्रमाण निम्म्यावर आणा.

गोल्डफिश हा यातला अपवाद, ते घाणच एवढी करतात की स्पंज पुरत नाही, त्यांच्या टँकला स्पंज ठेवून वर स्वतःचा वेगळा कॅनिस्टर (मोटरवर चालणारा बंद डब्याचा फिल्टर) लावा. फक्त लाईट बराच वेळ गेली असेल तर कॅनिस्टर तसाच चालू करू नका, आतलं पाणी ऑक्सिजनविना सडलेलं असतं, आधी उघडून ते ओतून टाका. आणि सगळे टँक एकाच जातीचे, एकाच ब्रीडरकडचे असतील, नुसतेच डिस्कस मासे वगैरे, तर सम्प जरूर करा, तिथे मी तुम्हाला अडवणार नाही.