श्वास मोजायला शिकले आणि लॉगबुक अडलं

'वॉर्डच्या टीपीआर चार्टशी नोंदी जुळत नाहीत. दुरुस्त करून पुन्हा सादर करावे.'

लाल शाईतला हा शेरा माझ्या लॉगबुकावर, म्हणजे प्रात्यक्षिकाच्या नोंदवहीवर, तीन वेळा पडला. टीपीआर चार्ट म्हणजे रुग्णाचा ताप, नाडी आणि श्वास लिहायचा वॉर्डातला तक्ता. कोर्स संपून वर्ष होत आलं, तरी तो आठवला की कानशिलं तापतात. म्हणूनच हे लिहायला बसले. श्वसनाच्या रुग्णाची तपासणी शिकायला ज्या कुणी जाणार असतील, त्यांचे माझ्यासारखे दोन महिने वाया जाऊ नयेत.

मी अमळनेरची. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा झाल्यावर चार वर्षं जनरल वॉर्डात काढली आणि मग खानदेशातल्याच एका रुग्णालयात श्वसन-परिचर्येचा सहा महिन्यांचा कोर्स धरला. प्रवेश, फी, थिअरीची परीक्षा हे सगळं वेळेत झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. प्रात्यक्षिकाची अट अशी होती की चाळीस रुग्णांची संपूर्ण तपासणी स्वतः करायची, लॉगबुकात लिहायची, सरांची सही घ्यायची आणि कार्यालयात जमा करायची.

पहिल्या दिवशी सरांनी आमचे स्टेथो टेबलावर काढून ठेवायला लावले. म्हणाले, "आधी दारात उभं राहून बघा. काय दिसतं ते सांगा." समोरच्या खाटेवर यावलकडचे एक आजोबा होते, आयुष्यभर केळीच्या बागेत मजुरी आणि सोबत विडी. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून पुढे वाकून बसलेले. ओठांचा चंबू करून श्वास हळूहळू सोडत होते. प्रत्येक श्वासाला मानेचे स्नायू दोरीसारखे ताठ व्हायचे आणि हासळीच्या वरचा खळगा आत जायचा. असे रुग्ण मी चार वर्षांत किती पाहिले असतील! 'दम्याचे बाबा' म्हणून नेब (औषधाची वाफ देणारं यंत्र) लावून पुढे गेले होते. त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं की माणूस नुसता श्वास घेण्यासाठी अंगमेहनत करत होता.

सरांनी त्यांना विचारलं, "बाबा, कसं वाटतंय?" ते म्हणाले, "काही नही माय... जरासा... दम लागस." उत्तर सरांऐवजी माझ्याकडे बघून दिलं. एवढ्याशा वाक्यात दोनदा थांबले. सर म्हणाले, "हे लिहा. वाक्य पुरं होत नाही, ही नोंद आहे."

मग श्वास मोजायचा. पूर्ण एक मिनिट, घड्याळाच्या काट्यावर. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण मोजताना एक श्वास चुकला तर उत्तरात चार चुकतात, आणि ज्याचा श्वास अनियमित आहे त्याचं खरं चित्र पंधरा सेकंदांत दिसतच नाही. आपण श्वास मोजतोय हे रुग्णाला कळलं की श्वास बदलतो. म्हणून मनगट धरायचं, नाडी बघतोय असं वाटू द्यायचं आणि नजर छातीवर किंवा पोटावर ठेवायची. आजोबांचे 28 भरले. मोठ्या माणसाचे विश्रांतीत 12 ते 20 असतात. चार्टवर त्या सकाळी 20 लिहिलेलं होतं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

तीन महिन्यांत माझ्या चाळीस नोंदी झाल्या. सरांनी एकेक वाचून सह्या केल्या. मी लॉगबुक कार्यालयात दिलं आणि आठवड्याने ते परत आलं, लाल शेरा घेऊन.

कार्यालयातले भाऊसाहेब म्हणाले, "ताई, तुमचे आकडे आणि वॉर्डचे आकडे वेगळे आहेत. चार्टवर 20, तुमच्याकडे 26. चार्टवर 18, तुमच्याकडे 30. चाळीसपैकी एकतीस ठिकाणी हेच." आधीच्या एका तुकडीत कुणीतरी वॉर्डात न जाता घरी बसून लॉगबुक भरलं होतं, म्हणून पडताळणी सुरू झाली होती. कारण रास्त होतं. पण पडताळायचं कशाशी, तर ज्या चार्टवर वॉर्डातल्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाचा श्वास 18 नाहीतर 20 आहे, त्याच्याशी!

मी म्हटलं, "भाऊसाहेब, मी मिनिटभर मोजलेत."

"तसं कागदावर कुठे आहे?"

खरंच नव्हतं. मी तारीख लिहिली होती, वेळ लिहिली नव्हती. म्हणून ही गोष्ट आधी सांगते: प्रत्येक नोंदीसमोर वेळ लिहा. सकाळी 9.10 असं, मिनिटासकट. त्या वेळी ऑक्सिजन चालू होता का, किती लिटरवर, रुग्ण बसलेला की झोपलेला, नुकताच संडासला चालत जाऊन आलेला का, हेही लिहा. हे नसेल तर तुमचा खरा आकडासुद्धा खोटा ठरतो.

दुसऱ्यांदा मी सरांचं पत्र जोडलं. तरी तोच शेरा. सरांची सही तपासणी झाल्याची आहे, आकडा बरोबर असल्याची नाही, असं तोंडी उत्तर मिळालं. मग सर पंधरा दिवसांच्या रजेवर गेले. मी सुट्टीच्या दिवशी सुरत-भुसावळ पॅसेंजरने यायचे, कार्यालयाच्या बाकावर बसायचे आणि "मॅडम मीटिंगमध्ये आहेत" ऐकून संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. अशा चार फेऱ्या झाल्या. उन्हाळा होता, आमच्याकडचा मे महिना काय असतो ते खानदेशात राहणाऱ्याला सांगायला नको.

वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर मायेच्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरी, 20 लिही सगळीकडे आणि मोकळी हो. नवं लॉगबुक चाळीस रुपयांना मिळतं." त्या रात्री मी नवं लॉगबुक घेऊन खरंच बसले होते. पहिल्या पानावर नाव घातलं. सतराव्या नोंदीचा विचार आला आणि पेन खाली ठेवलं.

सतरावी नोंद पंचेचाळिशीतल्या एका बाईची होती. आयुष्यभर चुलीवर स्वयंपाक, पऱ्हाटीच्या काड्यांचा धूर. विडी नाही, तंबाखू नाही, तरी सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार. चार्टवर श्वास 20, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) 96. ऑक्सिजन सुरू होता, त्यामुळे 96 दिसणारच होतं. बोटावरचं यंत्र रक्तातला ऑक्सिजन सांगतं, कार्बन डायऑक्साइड साचतोय का ते सांगत नाही. मी मोजले तर 34. बाई विचारलेल्या प्रश्नाला उशिरा उत्तर देत होती, डोळे मिटत होते. छातीचा आवाज दोन्ही बाजूंना फार मंद. मी रेसिडेंट डॉक्टरांकडे धावत गेले. एबीजी (धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी) पाठवली, त्यात कार्बन डायऑक्साइड 58 आला, जिथे वरची मर्यादा 45 आहे. संध्याकाळी तिला आयसीयूत हलवून बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र, लावला. तिचा ऑक्सिजनही बेताचा केला, कारण अशा रुग्णांत सॅच्युरेशन 88 ते 92 ठेवायचं असतं, शंभरच्या मागे लागायचं नसतं. तिच्याच 34 भोवती भाऊसाहेबांनी लाल गोल केला होता. मी तिथे 20 लिहिणं म्हणजे ती बाई त्या दुपारी ठीक होती असं सहीनिशी सांगणं. ते मला जमणार नव्हतं.

चार्ट भरणाऱ्या सिस्टर कामचुकार होत्या असं मी म्हणणार नाही. रात्रपाळीला एकीच्या वाट्याला चाळीस खाटा. प्रत्येक रुग्णाला एक मिनिट म्हटलं तरी नुसत्या श्वासाला चाळीस मिनिटं, त्यात इंजेक्शनं, सलाइन, नवीन ॲडमिशन. तापमानाला थर्मामीटर आहे, बीपीला यंत्र आहे. श्वासाला मात्र माणसाने उभंच राहावं लागतं, म्हणून आधी तोच सुटतो. आणि रुग्ण बिघडताना आधी बऱ्याचदा श्वासच वाढतो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सची न्यूज-टू ही रुग्ण बिघडतोय का ते ओळखायची गुणपद्धत 2017 पासून आहे. त्यात श्वास 25 किंवा जास्त असेल तर एवढ्यावरच 3 गुण पडतात आणि डॉक्टरने तातडीने पाहावं असं ठरतं. चार्टवर 20 असेल तर गुण शून्य.

सर रजेवरून आले तेव्हा मी रडकुंडीला आले होते. त्यांनी भांडण केलं नाही. म्हणाले, "मोजून दाखवू." दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी आणि एक रेसिडेंट डॉक्टर दहा खाटांवर गेलो. दोघांनी एकाच मिनिटात, एकमेकांना न सांगता मोजायचं आणि आपापल्या कागदावर लिहायचं. बाजूला मेट्रन मॅडम घड्याळ धरून उभ्या. माझ्या आणि डॉक्टरांच्या आकड्यांत कुठेही दोनपेक्षा जास्त फरक पडला नाही. त्याच सकाळच्या चार्टवर दहापैकी नऊ जणांचा श्वास 20 होता. मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांनी तिन्ही कागदांवर सही केली आणि स्वतः कार्यालयात घेऊन गेल्या. त्याच दिवशी दुपारी लॉगबुक मंजूर झालं. दोन महिने आणि एक सकाळ! बाहेर येऊन मी रसवंतीवर दोन ग्लास रस प्यायले, एवढा जीव हलका झाला होता.

आता शिकण्याबद्दल जे आठवतंय ते.

पर्कशन, म्हणजे छाती बोटांनी ठोकून आवाज ऐकणं, मला जमत नव्हतं. सगळ्या छात्या सारख्याच वाजायच्या. मग घरी पाण्याच्या टाकीवर सराव केला. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तेव्हा टाकी किती उरली ते आई बाहेरून ठोकून सांगते. पाणी आहे तिथे आवाज भद्द, वर मोकळं तिथे घुमतो. फुप्फुसाबाहेर पाणी साचलेल्या रुग्णाच्या पाठीवर मला तोच भद्द आवाज ओळखीचा वाटला. सरांनी सांगितलं की ही पद्धत 1761 मध्ये लिओपोल्ड आउएनब्रुगर या ऑस्ट्रियन डॉक्टरने प्रसिद्ध केली आणि त्याचे वडील खाणावळवाले होते, पिंपं ठोकून दारू किती उरली ते बघायचे. मी आईला हे सांगितलं तर ती दिवसभर खुश होती.

स्टेथो कपड्यावरून लावू नका. साडीच्या घर्षणाचा आवाज हुबेहूब क्रेपिटेशनसारखा (आजारी फुप्फुसातल्या चरचरीसारखा) येतो, मी दोनदा फसले. बायकांना पदराआड, पडदा ओढून, आधी सांगून तपासा. पाठीकडून सुरू केलं की त्या अवघडत नाहीत. डावी-उजवी बाजू एकाच पातळीवर ऐकत जा.

दम्याच्या झटक्यात शिट्ट्या ऐकू येतात म्हणून घाबरतो आपण. शिट्ट्या अचानक थांबल्या आणि रुग्ण थकलेला दिसला तर जास्त घाबरा. हवा जाणंच बंद होत आलेलं असतं.

'दम' या शब्दावर विसंबू नका. आमच्याकडे धाप, दमा, थकवा, छातीवरचा दाब, सगळ्याला दमच म्हणतात. एक आजी म्हणायच्या, "छातीवर दगड ठेयेल शे." त्यांचा ईसीजी काढल्यावर कळलं, दुखणं हृदयाचं. म्हणून विचारा की किती पायऱ्यांनी लागतो, रात्री उठवतो का, उशा किती लागतात, बरोबरीच्या माणसाच्या मागे पडता का. अहिराणीत विचारलंत तर उत्तर लवकर आणि खरं मिळतं.

जिनिंगमध्ये काम करणाऱ्याला सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते का, हे जरूर विचारा. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची ती खूण आहे आणि रुग्ण ती आपणहून सांगत नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडचा तरुण ताप, छातीत दुखणं आणि धाप घेऊन आला तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं विचारा. दुखतंय म्हणून तो उथळ श्वास घेतो आणि तासातासाला बिघडू शकतो.

लहान मुलांचे आकडे वेगळे: दोन महिन्यांच्या आत 60, एक वर्षापर्यंत 50, पाच वर्षांपर्यंत 40. त्या किंवा त्याच्या वर गेले की श्वास जलद. मूल रडत असताना मोजू नका, आईच्या मांडीवर शांत झाल्यावर मोजा.

सॅच्युरेशन बघताना नेलपॉलिश पुसा, गार बोट चोळून गरम करा.

आणि लॉगबुक जमा करण्याआधी पानापानाची झेरॉक्स काढा, जमा करताना तारखेची पोच घ्या. माझ्याकडे पोच नव्हती, त्यामुळे पहिल्या फेरीत ते आठवडाभर कुणाच्या टेबलावर होतं हे कुणीच कबूल केलं नाही.

सतराव्या नोंदीतली बाई कोर्सच्या शेवटच्या आठवड्यात ओपीडीत आली होती. मुलाने घरी गॅस आणला होता. मला ओळखून हसली, बोलताना मध्ये थांबली नाही. मी सवयीने तिचं मनगट हातात घेतलं आणि केसपेपरवर लिहिलं: श्वास 22, सकाळी 10.40, बसलेली, ऑक्सिजनशिवाय, पूर्ण एक मिनिट.