अडकलेला खण

पावसाळा लागला की आमच्या जुन्या लाकडी टेबलाचा खण फुगून बसतो, आणि त्याच्याशी झटापट करताना मला दरवर्षी इंग्रज लेखक जी. के. चेस्टरटन आठवतो. ‘गैरसोय म्हणजे चुकीच्या नजरेने पाहिलेले साहस’ हे त्याचे वाक्य शाळेच्या फळ्यावर शोभून दिसेल, पण तेथे ते वायाच जाईल. कारण १९०८ च्या ‘ऑल थिंग्ज कन्सिडर्ड’ या संग्रहातील मूळ निबंधात त्या वाक्याच्या आधी लंडनच्या बॅटरसी भागात पुराचे पाणी शिरलेले असते, वाऱ्याने उडालेल्या टोपीमागे धावण्याच्या खेळाची शिफारस झालेली असते आणि एक मित्र रोज अडकणाऱ्या खणाच्या नावाने बोटे मोडत असतो. खण सहज उघडलाच पाहिजे असे तू गृहीत धरतोस म्हणून चिडतोस, असे चेस्टरटन त्याला समजावतो आणि वर सुचवतो की, आपण समुद्रातून जीवरक्षक नाव ओढून काढत आहोत अशी कल्पना कर. हा सल्ला देणारा गृहस्थ स्वतः अगडबंब होता, हे लक्षात ठेवून तो वाचला म्हणजे अधिक रंगतो.

‘करण्याजोगी गोष्ट वाईट रीतीनेही करण्याजोगी असते’ हे त्याचे १९१० मधले वाक्य आळशांनी पळवले आहे. (मीही इस्त्री करताना ते वापरले आहे.) वास्तविक तो तेथे तज्ज्ञांच्या तोऱ्यापुढे हौशी माणसाची बाजू मांडत होता.

गुन्ह्यांचा उलगडा करणारा पाद्री फादर ब्राउन याच्या ‘द ब्लू क्रॉस’ या पहिल्या कथेत तर त्याने स्वतःच एका सुभाषिताची फजिती केली आहे. ‘गुन्हेगार हा सर्जनशील कलावंत, गुप्तहेर केवळ समीक्षक,’ असे पॅरिसच्या पोलिसांचा प्रमुख व्हॅलेंटिन कडवट हसून म्हणतो, सावकाश कॉफीचा पेला ओठांना लावतो आणि झटकन खाली ठेवतो, कारण साखरेच्या भांड्यात मीठ निघालेले असते. हे वाक्य उद्धृत करणारे बहुधा ते मीठच गाळतात. पुढच्याच कथेत या व्हॅलेंटिनचे काय होते, ते सांगून मी कुणाचा रसभंग करणार नाही.

यंदा मी जीवरक्षक नावेची कल्पना मनापासून करून खण ओढला. मूठ तेवढी हातात आली.